निम्मी बाग

सासऱ्यांनी यंदा परसातली बाग निम्मी करायची ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. बारा वाफे होते, ते सहा करायचे. नवीन बियाणं विकत आणायचं नाही, गेल्या तीन-चार वर्षांचं जे उरलंय त्यातच भागवायचं. मी मनात म्हटलं, सुटले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस वाकून वाकून खुरपणार, कधीतरी कंबर धरणार, कधीतरी नळाजवळच्या शेवाळावर घसरणार, ही चित्रं मी वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर घेऊन फिरत होते. मला अशी चित्रं फार दिसतात. माझा नवरा म्हणतो, तुला अपघात घडायच्या आधीच ऐकू येतात. मग या वेळी मला काहीच कसं ऐकू आलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सासरे घड्याळजी. एक्केचाळीस वर्षं त्यांनी कपाटाएवढ्या दुकानात काढली. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मधल्या फटीत हे. गिऱ्हाइकाने बाहेर फुटपाथवर उभं राहायचं. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते असे बसायचे की समोर कुणाला शिंक आली तर तो माणूस चार पावलं मागे जाऊन शिंकायचा. केसाहून बारीक स्प्रिंग एका फुंकरीने गेली तर दिवस वाया. "गुरुवारी या" म्हटलं की घड्याळ गुरुवारीच मिळायचं, बुधवारी नाही आणि शुक्रवारी तर नाहीच. पुढे लोक मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले, दुकान सहा वर्षांपूर्वी बंद झालं. तिथून त्यांनी घरी आणल्या त्या सुटे भाग ठेवायच्या शंभर-दीडशे चपट्या, गोल, पत्र्याच्या डब्या आणि आपला नेमकेपणा. काही डब्यांत बियाणं गेलं, नेमकेपणा वाफ्यांत. दोन घेवड्यांमध्ये किती अंतर ते स्टीलच्या पट्टीने मोजून ठरायचं. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "तुमच्या सासऱ्यांचे मुळे हजेरीला उभे आहेत का हो?"

माझी मुलगी आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आजोबा तिला 'सेकंदकाटा' म्हणतात. तिला स्कूटरवरून शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं काम त्यांच्याकडे होतं. शाळेची बस मी नाकारली होती, कारण एकदा ड्रायव्हर फोनवर बोलताना दिसला होता. शेजाऱ्यांची गाडी नाकारली, कारण ते मागच्या सीटवर पट्टा लावत नाहीत. आजोबा मात्र मला चालत होते. चाळीस वर्षांत एक स्क्रू न हरवलेला माणूस माझी मुलगी कुठे हरवणार? तिला हेल्मेट होतं, तिच्या कमरेपासून त्यांच्या कमरेपर्यंत एक पट्टा होता, तो मीच शोधून आणला होता. सकाळी सव्वासातला तो पट्टा दोनदा ओढून बघितला की माझा जीव भांड्यात पडायचा.

तर, बाग. दरवर्षी ते चौकटीच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने नकाशा काढायचे. यंदा एका सकाळी बघते तर जेवणाच्या टेबलावर चमचे, वाट्या आणि बशा मांडून बसलेले.

"हे काय हो, बाबा? कागद संपले का?"

"कागदावर काय मुळे उगवतात?"

"चमच्यांवर पण नाही उगवत."

"तो डाव उचलू नकोस. तो भोपळा आहे."

मी भोपळा तिथेच ठेवला आणि आमटी झाऱ्याने ढवळली. त्यांनी एकेका भांड्यावरून हात फिरवून सगळी बाग मला समजावली. टेबलाची ही कड म्हणजे कुंपण, या तीन चमच्यांवर घेवडा चढणार, वाटी म्हणजे काकडी, तिला उन्हाची बाजू. मला वाटलं, म्हातारपणी माणूस खेळकर होतो तसे झालेत.

मग त्यांनी उरलेलं बियाणं निवडलं. गाजर, टोमॅटो, मिरची, राजगिरा ही सगळी पाकिटं एका पिशवीत घालून माझ्याकडे सरकवली. देऊन टाक कुणालाही, म्हणाले. ठेवलं काय, तर घेवडा, वाटाणा, मका, भोपळा, काकडी, सूर्यफूल आणि धणे.

"बाबा, टोमॅटोची पाकिटं गेल्याच वर्षीची आहेत. अजून मुदत आहे. आणि चार वर्षांपूर्वीचा घेवडा ठेवताय?"

"घेवड्याचं बी हातात बसतं. टोमॅटोचं बी म्हणजे, शिंक आली की बाग शेजारणीकडे."

मी हसले. तिचं भलं होईल म्हटलं.

जुनं बियाणं उगवेल की नाही, हे आधी बघावं लागतं. त्यांची पद्धत ठरलेली. प्रत्येकाचे दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, वर दोरा बांधायचा आणि फ्रिजवर उबेला ताटात ठेवायचे. दहापैकी सात उठले तर बी कामाचं. दरवर्षी प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी असायची, यंदा दोऱ्याला गाठी होत्या. एक गाठ घेवडा, दोन वाटाणा, असं करत सात गाठी धणे. रोज संध्याकाळी ते गुंडाळी सोडून बोटाने चाचपायचे आणि निकाल जाहीर करायचे. "घेवडा आठ. मका नऊ. काकडी काठावर पास." बाकीच्या गुंडाळ्या आठवड्यात निकाल देऊन मोकळ्या झाल्या. धण्यांची तेवढी राहिली. "धणे आळशीच असतात," ते म्हणाले, "थांबू अजून."

अकराव्या दिवशी दुपारी ते मुलीला आणायला गेले होते. फडक्याला कुबट वास यायला लागला म्हणून मी ती सात गाठींची गुंडाळी खाली काढली आणि सोडली.

आत धणे नव्हते. आत दहा चाव्या होत्या. घड्याळाच्या बाजूला जी गोल, बारीक रेघांची फिरवायची चावी असते, ती. पितळेच्या, धण्याएवढ्या आणि धण्यासारख्याच रेघांच्या, ओळीने नीट मांडलेल्या, आणि दोन-तीन चाव्यांवर हिरवट डाग.

मला आधी हसूच फुटलं. वाटलं, सेकंदकाट्याचा उद्योग. तिने आजोबांची फिरकी घेतलीय. पण आजोबा तर रोज संध्याकाळी ही गुंडाळी उघडत होते. ताटाशेजारी फ्रिजवर धण्यांची म्हणून काढून ठेवलेली डबी होती, ती मी खाली घेतली. तिच्यावर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'चाव्या, पितळी, जेन्ट्स'. म्हणजे ही डबी त्यांनी हातात घेतली, उघडली, दहा चाव्या मोजल्या, ओल्या फडक्यात घातल्या, आणि अकरा दिवस त्यांना कोंब फुटायची वाट बघितली.

मी तिथेच, ओट्याला टेकून, उभी राहिले. टेबलावरचे चमचे आठवले. टोमॅटोचं बारीक बी आठवलं. दोऱ्याच्या गाठी. हॉलमधलं घड्याळ महिनाभर सात मिनिटं मागे चाललंय आणि या घरातला घड्याळजी त्यावर एक अक्षर बोललेला नाही. सकाळचा पेपर घडी न मोडता संध्याकाळपर्यंत पडून असतो. एकेक गोष्ट कळत होती. हे सगळं कळून झाल्यावर मग मला ते कळलं, जे आधी कळायला हवं होतं. या क्षणी ते स्कूटर चालवत होते. मागे माझी मुलगी होती, माझ्याच हाताने आणलेल्या पट्ट्याने त्यांच्या कमरेला बांधलेली.

फोन लावला, तो त्यांच्या खोलीतच वाजला. मी चाव्या मुठीत घेऊन तशीच अनवाणी फाटकाशी पळाले. शाळा सुटून वीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर एक टेम्पो मागे मागे येत होता, दोन सायकली, एक कुत्रा मध्येच बसलेला. रोजचाच रस्ता, पण मी तो पहिल्यांदा बघत होते. आपण चौकाकडे धावावं तर ते दुसऱ्या बाजूने येतील, असं करत मी तिथेच दहा मिनिटं फाटकाचा गज धरून उभी राहिले.

आधी आवाज आला. मुलीचा, तोच रोजचा चिवचिवाट, जो मी वर्षभर स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि म्हणत होते, आली बाई बडबड करत.

"टेम्पो डावीकडे! हळू, आजोबा, हळू! कुत्रा! कुत्रा बसलाय, उजवीकडून घ्या... अजून... आता सरळ. फाटक उघडं आहे. आई उभी आहे!"

स्कूटर बरोब्बर फाटकातून आत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबली. मी आधी किल्ली काढून घेतली, मग पट्टा सोडला. मुलीचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपलं.

"आई, काय करतेस? गुदगुल्या होतात!"

"तू आत्ता काय ओरडत होतीस?"

"मी कंट्रोल रूम आहे ना. आजोबा पायलट. मी सांगायचं, त्यांनी उडवायचं."

"कधीपासून?"

"दुसरीपासून." आता ती तिसरीत आहे. "सिग्नल पण मीच सांगते. लाल, हिरवा, सगळं. एकदाच चुकले मी. पुढे मोठा ट्रक होता, मला दिवाच दिसला नाही. मी 'चला' म्हटलं. पण आजोबांना हॉर्न ऐकू आला आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला. माझं हेल्मेट त्यांच्या पाठीवर आपटलं." आणि मग, मोठ्या अभिमानाने, "पण पडलो नाही."

मी तिला आत पाठवलं. सासरे स्कूटरवरून उतरून हॅन्डलला धरून उभे होते. मी मुठीतल्या चाव्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी बघितलं नाही, हात पुढे केला. एक चावी चिमटीत घेतली, अंगठ्याने तिच्या रेघांवरून फिरवत राहिले.

"जेन्ट्स," ते म्हणाले. मग, "फळीवरच्या डब्या हलवल्या होत्यास का?"

"मागच्या की त्याच्या मागच्या रविवारी पुसल्या. का?"

"तिसरी ओळ, डावीकडून दुसरी. धणे तिथे असतात." त्यांनी चावी खिशात टाकली. "थोडे जड लागले खरे. मला वाटलं, दाणा चांगला भरलाय."

इतर कुठल्याही दिवशी या वाक्यावर मी पोट धरून हसले असते.

"बाबा, माझ्याकडे बघा. मी काय घातलंय?"

त्यांनी मान किंचित वळवली, माझ्या खांद्यापलीकडे बघितलं. "निळं काहीतरी."

बरोबर होतं. "आणि माझा चेहरा?"

"तू रडतेयस."

"हे आवाजावरून सांगताय."

 ते पायरीवर बसले आणि एखाद्या गिऱ्हाइकाला घड्याळातला बिघाड समजावावा तसं सांगायला लागले. मध्ये दिसत नाही. कडेने दिसतं. जिथे बघावं तिथे नेमका डाग येतो, आजूबाजूला सगळं शाबूत. म्हणून चालताना कुठे धडकत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. उजवा डोळा जाऊन दोन वर्षं झाली. डावा गेल्या थंडीपासून.

"आणि तिला घेऊन तुम्ही..."

"तिला काही झालं का?"

एवढं एकच वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही.

"रस्ता मला पाठ आहे गं. सात वळणं, दोन सिग्नल, शाळेआधी तीन गतिरोधक."

"रस्ता पाठ असेल, बाबा. त्यावरची माणसं कशी पाठ करणार?"

संध्याकाळी नवरा आला. चाव्यांची गोष्ट ऐकून तोही आधी हसला. मग ट्रकचं ऐकलं आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. "मी गेल्या महिन्यात त्यांच्या मागे बसून स्टेशनला गेलो होतो," तो म्हणाला. "मला म्हणत होते, अरे, बोलत राहा, गप्प का बसतोस? मी आपला ऑफिसचं सांगत बसलो."

त्याने बापाला विचारलं, "बाबा, सांगायचं तरी होतंत. आम्ही काय परके आहोत?"

"सांगून? तुम्ही किल्ली काढून घेतली असतीत. डोळे गेलेला घड्याळजी म्हणजे काय रे? रिकामी खुर्ची. दिवसातून दोनदा माझी कुणीतरी वाट बघतंय, एवढंच काम उरलं होतं." मग माझ्याकडे मान वळवून, "मी झेपेल तेवढंच करत होतो. बाग निम्मी केली ना?"

"बाग निम्मी केलीत. टोमॅटोचं बी तुम्हाला दिसत नाही म्हणून टोमॅटो सोडलात. आणि माझी पोरगी सोडली नाहीत."

मी सासऱ्यांना असं कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू येईना. सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते थरथरत होते. ज्या हातांनी एवढ्या बारीक स्प्रिंगा बसवल्या, ते थरथरताना मी पहिल्यांदा बघितले आणि माझा राग तसूभरही कमी झाला नाही, याचाही मला धक्का बसला.

डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही. डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर आहे तेवढं कदाचित टिकेल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. जाताना विचारलं, "वाहन वगैरे चालवत नाही ना?"

"नाही," सासरे म्हणाले. "सुनेने जप्त केलंय."

सगळ्यांत जास्त त्रास झाला तो मुलीला. दुसऱ्या दिवसापासून मी तिला चालत शाळेत न्यायला लागले, तर ती रस्ताभर रडली. "मी एकदाच चुकले, आई. एकदाच! परत नाही चुकणार, सांग ना आजोबांना." ती हे सगळं आपलीच चूक समजत होती. मी भर फुटपाथवर खाली बसले. तिला सांगितलं की आठ वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाचे डोळे व्हायचं नसतं, तो खेळ नव्हता, आणि तिचं काही चुकलेलं नाही. तिला किती कळलं, माहीत नाही. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "पण मी चांगली होते त्यात." ती चांगली होती, हे खरंच होतं. त्या विचाराने मला रस्ता ओलांडायचं धैर्य होईना. दोन सिग्नल मी तिचा हात इतका घट्ट धरून ओलांडले की तिची बोटं लाल झाली.

त्यानंतर सासऱ्यांनी परसात पाऊल टाकलं नाही. सकाळी सव्वासात वाजता ते अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून हॉलमध्ये बसायचे आणि आम्ही दोघी बाहेर पडताना फाटकाचा आवाज ऐकायचे. वाफे उकरून तयार होते. त्यांच्यावर गवत दिसायला लागलं. पंधरा दिवस असे गेले. हवा बदलत चालली होती, आता पेरलं नाही तर यंदा राहिलंच.

एका सुट्टीच्या सकाळी मी घेवड्याची डबी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. या वेळी लेबल दोनदा वाचलं होतं.

"बाबा, घेवडा वाया चाललाय."

"तू लाव."

"मला अंतर जमत नाही. मागे मुळा लावला होता तर तुम्ही म्हणालात, गर्दी जमवलीयस."

ते हसले नाहीत. "माझ्यावर विश्वास आहे तुझा?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते तर पुरेसं झालं होतं घरात.

"बियाण्याच्या बाबतीत आहे. रस्त्याच्या बाबतीत नाही. आणि तो परत येणार नाही."

"कडक आहेस."

"आहे."

 त्यांनी उठून चपला चाचपल्या. परसात त्यांनी दोन खुंट्यांना दोरी ताणली, दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारल्या, आणि गाठ हाताला लागेल तिथे बोटाने भोक करून एकेक बी टोकायला लागले. ओळ माझ्या पट्टीपेक्षा सरळ होती. मुलगी धावत आली आणि सवयीने ओरडली, "आजोबा, उजवीकडे दगड!" मी तिला मागे ओढलं. "त्यांनी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप्प."

त्यांनी ते ऐकलं. बरंच पुढे गेल्यावर त्यांचा हात थांबला. "इथे दगड आहे का ढेकूळ?"

"ढेकूळ," मुलगी म्हणाली.

त्यांनी ते फोडलं. तिसरा वाफा संपल्यावर टाचांवर बसून धापा टाकत राहिले. "सहा नको," म्हणाले. "चार करू. चौथ्यात भोपळा. उरलेल्या दोनांत तुमचं काय ते लावा. मला आता एवढंच होतं."

मी बरं म्हटलं. मुलगी पाण्याची झारी आणायला पळाली. ती लांब गेलीय याची त्यांनी पावलांवरून खात्री करून घेतली आणि मग खाली मातीकडे तोंड करून म्हणाले, "अंधार पडला की मला जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. दोनदा पडता पडता वाचलोय. ते सांगायचं राहिलं."

माझ्या हातातली डबी तिरपी झाली, चार-पाच बिया मातीत पडल्या.

"अजून काय काय राहिलंय, बाबा?"

"आहे थोडं," ते म्हणाले. "गॅसचं पण आहे. बस खाली, सांगतो."

मी त्यांच्या शेजारी वाफ्याच्या काठावर बसले, आणि ते बोटांवर मोजत एकेक सांगायला लागले.